फुगलेला आकडा

चि. धैर्यशील यास ताईचे आशीर्वाद.

पेपरातला तुझा लेख वाचला. करोनाच्या सुरुवातीला दवाखान्यात पोचलेलेच मोजले, घरी बरे झालेले सुटले, म्हणून मृत्युदर फुगला, हे संस्कृतच्या बाईलाही कळलं. भाष्यकार थोरच म्हणायचा.

तेव्हा आबा हृदयविकाराने गेले, तर हाच फुगलेला आकडा तू मला फोनवर ऐकवलास. "ताई, शंभरात चार जातात. येणं शहाणपणाचं नाही." शेजारचे आकारामकाका म्हणाले, "पुण्यासनं पोरगं येत न्हाय व्हय? मग तूच धर की मडकं." धरलं. शेणी रचून झाल्यावर अग्नीही मीच दिला.

आईला सांगितलं, तुला प्रवासाचा पास मिळाला नाही. मिळाला होता, हे आपल्या दोघांतच आहे.

हल्ली तू घरी पेपरातूनच येतोस. आज तुझा फोटो बघून आई म्हणाली, "वाच की गं, काय लिवलंय पोरानं." मी सारांश सांगितला, "तेव्हा वाटलं तेवढं भ्यायचं कारण नव्हतं, म्हणतो."

ती म्हणाली, "व्हय? मग आता यील की."

सांगून आणलेला मुलगा मला तिच्यापुढे उभा करायचा नाही, म्हणून हे पत्र माझ्याकडेच राहील.

तुझी ताई,
संयोगिता
राजारामपुरी, कोल्हापूर