ठमीचे ढगळ झगे

ता. ६ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस. फोन दादाच्या उशाशी असतो आणि त्याचे कान अजून शाबूत आहेत, म्हणून हा कागदाचा खटाटोप. पत्र आणि सोबतचं गाठोडं आमच्या बेकरीच्या गाडीचा चालक आणून देईल. तुमच्या गल्लीत तो पाव टाकायला येतोच. दादाला डायलिसिसला सोडून तू घरी परततेस, त्याच वेळी जा, असं मी त्याला बजावलंय.

बातमी अशी, की दादाला किडनी देता येईल का, म्हणून डॉक्टरांनी माझ्या तपासण्या केल्या. रक्त जुळलं, बाकीही सगळं जुळलं. तुझं साखरेपायी अडलं, माझं वजनापायी अडलंय. एवढ्या वजनाच्या बाईची किडनी आम्ही काढणार नाही, आधी उतरवून या मग बोलू, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. तेव्हा आपलं ठरलंय ते कायम. वजन उतरेपर्यंत दादाला कळू द्यायचं नाही. त्याला आशा लावायची आणि इकडे मी भट्टीपाशी केक चापत बसायचं, हे मला जमणार नाही.

तर, वजन उतरतंय. ताज्या पावाच्या वासात उभं राहून काकडी चावायची म्हणजे काय, ते माझं मला ठाऊक. मालकीणबाई म्हणतात, मी उरलेल्या केककडे हल्ली जशी बघते, तसं त्यांच्या नवऱ्यानं त्यांच्याकडे लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

पण कपड्यांचं काय करू? झगे, कोट, सगळे दादाच्या हातचे. दुसऱ्या शिंप्याची पायरी मी जन्मात चढलेली नाही. आता झग्याचा गळा खांद्यावरून घसरतो आणि परवा कामाचा कोट पावांचे ट्रे रचायच्या घोडीत अडकून मी पावांसकट पडता पडता वाचले. कुणाला देऊन टाकायला मन होत नाही. नवे शिवायचे तर दादा मापं घेणार, आणि कमरेभोवती टेप गेली की बिंग फुटलंच. इतकी वर्षं तू त्याच्या शेजारी बसून काजं-बटणं केलीस, तेव्हा आता तूच ते आत घे. कापू मात्र नकोस. वजन परत चढलं तर घालू काय?

लोभ आहे तो वाढवावा. वजनाचं मी बघते.

तुझी,
ठमी

ता. २० फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गाठोडं पोचलं. निळा झगा अंगाला लावून आरशापुढे उभी राहिले, तर त्यात मी आणि आणखी एक पाहुणी सहज मावलो असतो. तीन झगे आत घेऊन झाले. एक गोष्ट मात्र सांगते, कापड न कापता नुसतं आत दडपलं की शिवणीपाशी गाठ येते आणि ती कमरेला टोचते. टोचली तर मला शिव्या देऊ नकोस.

तुझं कौतुक कसं करू, मला कळत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात कुठलाही डबा लपवायचा तो तुझ्यापासून, हा पहिला धडा मला सासूबाईंनी दिला होता. पुरे हा शब्द तुला कुणी शिकवलाच नव्हता. ती मुलगी आज भट्टीपुढे उभी राहून तोंडाला कुलूप घालते. रस्त्यात कुणी भेटलं की मला सांगावंसं वाटतं, ही माझी नणंद. पण कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुलाच लिहिते.

यांची तब्येत तशीच आहे. दुकान बंदच, मशीनवर चादर टाकलेली. सदऱ्याच्या कॉलरमध्ये आता माझी मूठ जाते. सदरे थोडे आत घेते असं मी म्हटलं, तर हे माझ्यावर उखडले. अंग परत भरणार आहे, एकालाही हात लावू नकोस, असं बजावलं. कपाटात तुझा गठ्ठा खाली आणि यांचा वर असतो. तुझ्या झग्याची शिवण उसवताना मी गुणगुणते, आणि यांचा सदरा वाळत घालताना मला रडू येतं. बहीण-भाऊ दोघंही उतरताय, पण उतरण्या-उतरण्यात केवढं अंतर आहे.

गेल्या खेपेला तू शाल घट्ट लपेटून बसलीस, तेव्हा ठमीला कणकण आहे का, असं हे दोनदा विचारत होते. पुढच्या वेळी जरा मोकळी बस.

आशीर्वाद भरपूर आहेत, भूक लागली की तेच खा.

तुझी,
वहिनी

ता. २ मे

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टर खूश आहेत. आणखी थोडं उतरलं की कागदावर होकार देतो म्हणाले. बस सोडून मी आता कामावर चालत जाते. वाटेतला चढ पहिल्यांदा चढले तेव्हा तिथल्या दुकानदारानं खुर्ची आणि पाणी बाहेर आणून ठेवलं होतं. आता तो नुसता हात हलवतो. ॲप्रनच्या नाड्या मागे बांधून पुन्हा पुढे येतात, त्यांचं टोक पिठात बुडतं, म्हणून मालकीणबाई ओरडतात.

आत घेतलेले झगे छान बसले आणि लगेच पुन्हा ढगळ झाले, म्हणून परत पाठवतेय. सोबत कोटही आहे. गाठ टोचते हे खरं, पण तरी कापू नकोस. माझा स्वतःवर अजून पुरता विश्वास नाही. पोट कधी फितूर होईल, सांगता येत नाही.

दादाला सांगायची वेळ जवळ आली आहे. कसं सांगायचं ते तू ठरव, धाडस माझ्याकडून घे.

माया असू दे, जशी आजवर आहे तशी.

तुझी,
ठमी

ता. १९ मे

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

वेळ जवळ यायची थांबलीच नाही, येऊन गेली.

काल यांना जरा बरं वाटत होतं, म्हणून मशीनला तेल द्यायला बसले. चादर काढली तर आत तुझ्या कोटाचा दोरा ओवलेला. दुकान बंद असताना मशीन चालवलं कुणी, म्हणून यांनी कपाट उघडलं. झगा हातात घेतला आणि त्यांना सगळं दिसलं. स्वतःची शिवण उसवलेली, तिच्या आत एक, तिच्याही आत आणखी एक. शिंप्याच्या घरात शिवण लपवायला निघालेल्या शहाण्या आपणच.

ताट तसंच सारलं. मग झगा मांडीवर घेऊन मला विचारलं, की ठमीलाही हाच आजार झालाय का, आणि तुम्ही दोघी मिळून माझ्यापासून लपवताय का. इतके घाबरलेले मी यांना स्वतःच्या दुखण्यातसुद्धा पाहिले नव्हते. मला राहवेना. सगळं सांगून टाकलं.

आधी तू धडधाकट आहेस म्हणून रडले. मग डोळे पुसले आणि नाही म्हणाले. बहिणीच्या कपड्याला आयुष्यभर कात्री लावली, तिच्या अंगाला लावू देणार नाही, असं म्हणून भिंतीकडे तोंड करून पडले. डायलिसिसवर फार काळ निभणार नाही, हे डॉक्टरांनी त्यांच्यादेखत सांगितलंय. तरी नाही म्हणजे नाही. माझं ऐकत नाहीत. आता तूच लिही.

धीर सोडू नकोस, मला माझा पुरत नाही.

तुझी,
वहिनी

ता. २३ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू नाही म्हणालास असं कळलं. मी तुला विचारलं कधी होतं? डॉक्टरांना विचारलं, ते काल हो म्हणाले. कागद माझ्या पर्समध्ये आहे.

माझा झगा नेहमी आधी शिवून व्हायचा आणि तुझा सदरा मागून, तोही उरलासुरला वेळ मिळाला तर. तेव्हा मी कधी नको म्हटलं नाही. दादानं दिलं की घ्यायचं, एवढंच मला ठाऊक होतं. घेण्यात कमीपणा असतो हे तू मला कधी शिकवलं नाहीस, आता स्वतःपुरतं कुठून काढलंस?

मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? ऑपरेशनची वाटते. पण तू नसलेल्या घरी वहिनीला भेटायला यायची मला त्याहून जास्त वाटते.

तरी तुझा हट्ट असेल तर बेकरी माझीच वाट बघतेय. महिन्याभरात तुझे सगळे झगे मला पूर्वीसारखे तट्ट बसतील. मग जन्मभर मला खाताना बघ आणि जेवण गोड लागतंय का सांग.

राग असेल तर असू दे, पण उत्तर पाठव.

तुझी,
ठमी

ता. ९ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र इतक्यांदा वाचलं, की तुझ्या वहिनीनं शेवटी माझा चष्मा काढून घेतला. लहानपणी तुझ्याशी भांडून कधी जिंकलो नाही, आता या वयात काय जिंकणार?

आधी कामाचं. तुझ्या वहिनीनं आत घेतलेलं सगळं मी उसवलं. बाई मनानं सरळ आहे, पण तिची शिवण नांगरातून सुटलेल्या बैलासारखी जाते. तू कापू नका म्हणून सांगितलं होतंस. मी कापणार. परत जाड झाले तर, म्हणून कपडे जपून ठेवणं मला पटत नाही. तू परत मागे जाणारी नाहीस, हे तुला ठाऊक नसलं तरी मला आहे. चांगले झगे आणि कोट मी तुझ्या नव्या अंगाला बेतीन, त्यासाठी मापं द्यायला ये. थोडं थोडंच बसवतं, पण रोज मशीनवर बसतो.

मी जन्मभर माणसांना कपडे बेतले. अंगच बेतून घेणारं माणूस आपल्या घरात निघेल असं वाटलं नव्हतं, आणि तेही माझ्यासाठी. मला हे तोंडानं सांगता येणार नाही, म्हणून इथे लिहून टाकलं. आलीस की विषय काढू नकोस.

निळा झगा धुऊन धुऊन लोण्यासारखा मऊ झालाय. दवाखान्यात घालायला तसंच कापड हवं, नवं टोचतं. त्या एकातच तुझा आणि माझा दोघांचा सदरा निघतोय, वर उशीचा अभ्राही होईल. तू होतीसच तेवढी.

लोभ तुझा आणि शिलाई माझी, दोन्ही पुष्कळ दिवस चालू राहोत.

तुझा,
दादा

ता. क. : येण्याआधी डॉक्टरांना विचारून घे, तुझे टाके कुठल्या बाजूला येणार आणि माझे कुठल्या. त्या बाजूला मला शिवण ठेवायची नाही.