औषधाचा रकाना

प्रिय चिमणे,

फोन न करता पत्र लिहितोय, कारण घरातला एकुलता एक फोन तुझ्या आईच्या कमरेला असतो आणि तिचे कान किती तिखट आहेत ते तुला माहीत आहे. आधी एक कबुली देतो. गेले दोन महिने मी तुझ्यावर संशय घेत होतो.

झालं असं. पेरणी आटोपली आणि एक सर्वेक्षणवाली बाई घरी आली. शेतीवर घर चालतं का, हे तिला लिहून न्यायचं होतं. मका किती, दूध किती, बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं, किराणा, सगळं मी छाती काढून सांगितलं. औषधाच्या रकान्यात काय लिहू म्हणाली, तर तुझी आई दारातूनच म्हणाली, काही नाही. रक्तदाबाच्या गोळ्या तर चालू होत्या, पण मला वाटलं, परक्या बाईला दुखणी कशाला सांगायची म्हणून म्हणाली असेल. बेरीज झाल्यावर ती बाई पेन चावत म्हणाली, "काका, वर्षातले तीन महिने पैसे कमी पडतात. मग भागतं कसं?" आई म्हणाली, "भागतं. तुम्ही लिहा, भागतं." आणि आत निघून गेली.

तो शब्द कुसळासारखा रुतला बघ. उधारी नाही, गाय विकली नाही, मग भागतं कसं? मी ठरवूनच टाकलं की तू तुझ्या पगारातून गुपचूप पैसे पाठवतेस. लेकीच्या रात्रपाळीवर आपण जेवतोय या विचाराने घास उतरेना. किराणावाल्याला आडून आडून विचारलं, आमच्या नावावर कोणी पैसे भरून जातं का? तो म्हणाला, "कोणी नाही. पण वहिनी हल्ली सामान अर्धंच नेतात."

मग संशय तिच्यावर वळला. दर पंधरवड्याला ती रक्तदाबाच्या गोळ्या आणायला बाजारात जायची. परवाच्या खेपेला मी मागोमाग गेलो. या वयात खांबाआड लपून बायकोवर पाळत ठेवली, हस हवं तर. ती औषधाच्या दुकानासमोरून सरळ पुढे गेली. नाही नाही ते मनात आलं. पण ती बसथांब्याच्या बाकावर एकटीच बसली. तासभर. चप्पल काढून पाय चोळले, पदराने तोंड पुसलं आणि आली तशी पायी घरी निघाली.

घरी आल्यावर ती गोठ्यात गेली तेव्हा मी तिचा गोळ्यांचा डबा उघडला. गेल्या वर्षीचं एकच पाकीट होतं. त्यात चार गोळ्या उरलेल्या, त्याही ब्लेडने अर्ध्या केलेल्या. आपलं कसं भागत होतं ते कळलं. तिला जाब विचारला असता तर म्हणाली असती, मला आता बरं वाटतं. खरं सांगू? तेच ऐकायला मला सोयीचं होतं. तेवढ्यासाठीच मी विचारलं नाही, आणि त्याची लाज वाटते.

आज सकाळी धार काढताना तिचा डावा हात मिटेना. बादली कलंडली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, जीभ अडखळली. घटकाभराने सगळं पूर्ववत झालं, तर म्हणते, हात झोपला होता. दवाखान्याचं नाव काढलं की भांडायला उठते. तू नर्स आहेस, याचा अर्थ तुला माझ्याहून जास्त कळतो. हे पत्र दूधगाडीच्या ड्रायव्हरकडे देतोय, दुपारच्या आत तुझ्या हातात पडेल. पडल्या पडल्या आईला फोन कर आणि खोटं सांग. सांग की तू आजारी आहेस, उठवत नाही. स्वतःसाठी ती पाऊल उचलणार नाही, तुझ्यासाठी मिळेल त्या गाडीत बसेल. गाभण गाईचा सौदा मी केलाय, तिला सांगितलेलं नाही. पैसे घेऊन तिच्यासोबत मीच येतो. फोन येईल तेव्हा मी शेजारीच बसलेला असेन, घाबरल्याचं सोंग करायला. तेवढं सोंग मात्र मला करावं लागणार नाही.

तुझाच,
भित्रा बाप