टेंपेची आमटी

शनिवार, १४ ऑक्टोबर २००६, मेडनहेड, इंग्लंड

गावाच्या टोकाला, नव्या घरांच्या इस्टेटीमागे इंडोनेशियन लोकांची सहा घरं आहेत. तिथल्या युनीने मागच्या आठवड्यात डब्यातून टेंपे दिलं. सोयाबीनची वडी, पण वर पांढरी बुरशी! नासलं समजून मी बिनमध्ये टाकलं. बुरशी मुद्दाम आणतात, हे मला काय माहीत? रिकामा डबा कसा द्यायचा, म्हणून चकल्या भरून परत केला. "कसं केलंस?" तिने विचारलं. "आमटीत घातलं," मी ठोकून दिलं. वर चिंचगुळाची कृतीही सांगितली. आठवडाभर मन खात होतं.

आज तोच डबा घेऊन युनी दारात. आत टेंपेची आमटी! "आता आमच्या सहाही घरांत करतात," म्हणाली. मी दोनदा वाढून घेतली. म्हणजे आता ती थाप उरली नाही. ना?