पालकसभेला कोण जाणार

सोमवार, ९ सप्टेंबर

दादाकडे टेकलेय. दोनच दिवस, असं वहिनीला सांगितलं. ती नुसती हसली.

दादा रात्रभर बेकरीच्या भट्टीवर, वहिनी दिवसभर लॉन्ड्रीत इस्त्रीला. शुक्रवारी त्यांच्या लेकीच्या, चिमणीच्या, शाळेत पालकसभा. दादा म्हणाला, पोरीने काही केलंय का? नाही ना, मग कशाला जायचं? शाळेत बोलावतात ते तक्रारीलाच, हे त्याच्या डोक्यात पक्कं. लहानपणी आमच्या बाबांना बोलवायचे ते कायम माझ्यापायी.

मंगळवार

बाजारात निघाले होते. कालव्यावर एक बाई होडी रंगवत होती, तिने ब्रश हातात दिला. दिवस गेला. भाजी राहिली.

शुक्रवार

शेवटी मीच गेले, आत्या म्हणून. पुढचे बाक मोटारीतून आलेल्यांचे. सगळे बाईंच्या ओळखीचे. आमच्या राजाला गणिताच्या ज्यादा तासाला घ्या हं, म्हणतात, की बाई लिहून घेतात. इतकं सोपं! नुसतं मागायचं! गणितात चिमणी वर्गात पहिली, आणि तिचं नाव नाही.

मी हात वर केला. बाई म्हणाल्या, "आईबाबांपैकी कुणीतरी येऊ दे. त्यांना रस असेल तर."

रस! वहिनी रोज भाकऱ्या थापता थापता पाढे म्हणून घेते.

एकच जागा उरलीय. सोमवारी सकाळी ज्यादा तासाच्या पालकांना पुन्हा बोलावलंय.

शनिवार

दादाला सगळं सांगितलं. एक बूट काढून तसाच बसून राहिला.

"मला वाटायचं, आपण जात नाही म्हणजे पोर गुणाची."

वहिनीला रजा मिळत नाही. चिमणी म्हणाली, बाबा, केसांतलं पीठ झटकून या.

रविवार

दादा कधीचा शर्ट बदलून बदलून बघतोय. आहेत दोनच.

सोमवार, १६ सप्टेंबर

भट्टीवरून तडक आला, डोळे तांबडे. मागे बसत होता, मी पुढे ढकललं.

उभा राहून म्हणाला, "माझ्या मुलीला घ्या. आणखी काय विचारायचं असतं ते मला माहीत नाही."

बाईंनी नाव लिहिलं. दादा खाली बसला — आणि घोरायला लागला!

मोटारवाल्या हसू दाबत होत्या. दारातून चिमणी आत आली, ओठांवर बोट ठेवून, सगळ्यांना दटावत.

"हळू बोला. माझे बाबा आलेत."