काकडीचा वास

१९ ऑगस्ट १९८१
आज जमलं. गोगलगाईच्या शिंगातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर तार टेकवली आणि स्पीकरमधून टकटक आली. शिंगाजवळ काकडीची फोड नेली की टकटक वाढते, काढली की मंदावते. दुपारभर ऐकत बसले. भंडाऱ्याच्या या कॉलेजात ऐकायला दुसरं कोणी नाही. प्राचार्यांनी दारातूनच विचारलं, एफ.वाय.चा तास घेतला का. घेतला होता.
जवाहरनगरची बस चुकली. फॅक्टरीच्या क्वार्टरवर पोचले तर हे ड्यूटीवरून येऊन भात टाकून बसलेले.

२ सप्टेंबर
काकडीसोबत कडू क्विनाईन चाखवलेल्या गोगलगाई आता काकडी दिसताच... दिसताच कसलं, वास येताच शिंगं आत घेतात, वळतात. पण नस पूर्वीइतकीच बोलते. म्हणजे वास पोचतो, तोच, तेवढाच. फरक आत आहे. मेंदूतली एक मोठी पेशी आधी काकडीला गप्प असायची. काचेची सुई तिच्यात घालून पाहिलं. आता ती ओरडते.

११ सप्टेंबर
सकाळी फोडणीच्या वासाने उलटी. मागच्या महिन्यापर्यंत याच वासाने भूक लागायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिसरा महिना. हे खूष. सासूबाईंना लगेच निरोप. मी पण खूष आहे बहुतेक. काकडीने मळमळत नाही, तेवढं बरं.

२८ सप्टेंबर
सर नागपूरहून आले. माझे पीएच.डी.चे गाईड, पण लॅबमध्ये पहिल्यांदाच. आधी विश्वास बसेना. पुन्हा पुन्हा करायला लावलं. मग स्टुलावर बसले आणि हसायला लागले. डिसेंबरात बंगलोरला परिषद आहे, तिथे हे मांडायचं म्हणाले. मी जाईन म्हटलं. नाही म्हणाले नाहीत.

१४ ऑक्टो.
बंगलोरला सर जाणार. तिकीटही काढून झालं. हे कामाने नागपूरला गेले होते, तेव्हा सरांना भेटून सांगून आले की या अवस्थेत एवढा प्रवास नको. सर म्हणे फार समजूतदारपणे बोलले. दोघांनी चहा घेतला.
मी विचारलं, "मले काहून नाही विचारलं?"
हे बराच वेळ बुटाची नाडी सोडत राहिले. "तू जातोच म्हणली असती."
चिडायलाही जागा ठेवली नाही. आवाज चढवला असता तर भांडले तरी असते.

३० डिसें.
सर येऊन गेले. टाळ्या भरपूर पडल्या म्हणाले. निबंधावर आधी त्यांचं नाव, मग माझं. रीतच आहे तशी म्हणाले. पण एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने उठून विचारलं, ही पेशी ओरडते म्हणून गोगलगाय शिंग ओढते, की शिंग ओढताना पेशी नुसती ओरडते? सरांना उत्तर आलं नाही. येणार कसं, त्यांनी सुई हातात धरलीच कुठे.
जाताना म्हणाले, "तेवढं एक करून द्या, बाई. लवकर."

९ जाने. १९८२
थंडीने हवा कोरडी, बहुतेक गोगलगाई शंखाला पांढरं झाकण लावून झोपल्या. ओल्या पोत्याखाली ठेवलेली एक जागी होती. काकडी नाही, कसलाच वास नाही. सुईतून त्या पेशीलाच करंट दिला.
शिंग आत गेलं.
हळू, पूर्ण. समोर काहीच नसताना.
पुन्हा करणार तोच लाईट गेली. आली तेव्हा पेशी मेलेली. एकदा झालं म्हणजे सिद्ध झालं नाही, हे मीच मुलांना शिकवते. पण मी पाहिलं आहे.
कोणाला सांगितलं नाही.

११ जाने.
आई सानगडीहून न्यायला आली. बाळंत होऊन अंग भरून येईपर्यंत कॉलेजचं नाव काढायचं नाही म्हणते. गोगलगाई आता पावसाळ्याशिवाय झाकण उघडणार नाहीत. तोवर त्या टेबलाशी सर दुसऱ्या कोणाला बसवतील. यंत्र नागपूरहून आणलेलं, त्यांच्याच खात्याचं आहे.
हे दारात उभे. उद्या नागपूरला जाऊन राहिलो म्हणाले, सर विचारतील तर काय सांगू, काही निघालं का?
या वेळी विचारलं तरी.
मी शिंगाचं न सांगता साड्यांच्या घड्या करत राहिले. हे उभेच होते.