शिखराआधी फिरलेल्या लेकीस

प्रिय वरदा,

काल फोनवर तू रडत म्हणालीस, "बाबा, शिखर समोर दिसत होतं आणि मी मागे फिरले." मी म्हणालो, "अरेरे! पुढच्या वर्षी नक्की." ते खोटं होतं.

तू स्वित्झर्लंडला गेल्यापासून इथे कॉव्हेंट्रीत मी तुझ्या डोंगराचा मॅप उघडून बसायचो. चारही बाजूंना हिमनद्या आणि त्यांच्यामधून वर जाणारी खडकाची एकच अरुंद धार. धारेपर्यंत पोचायचं तर हिमनदीच्या खोल भेगा बर्फाच्या पातळ पुलांवरून ओलांडायच्या. आई विचारायची, "काळजीचं काही नाही ना?" मी हसून "छे!" म्हणायचो.

"ऊन चढलं, परतताना पूल टिकणार नाहीत असं वाटलं, म्हणून फिरले," असं तू सांगितलंस. फोन ठेवून मी जिन्यावर बसलो आणि मोठ्यानं हसत सुटलो. आई धावत आली. "अहो, झालं काय?"

"आपली पोर हरली गं!" मी म्हणालो. तीही शेजारी बसून हसता हसता रडायला लागली.

हे तुला पाठवणार नाही. तुझं दुःख खरं आहे, त्याच्यापुढे आमचा आनंद मिरवायला नको. शनिवारी तुला घ्यायला स्टेशनवर गंभीर चेहऱ्यानं उभा राहीन. जमलं तर.

तुझा,
बाबा