प्लास्टिकच्या हिरवळीवर रानातला माणूस

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्या (आणि तुझ्या मते अजून पुरत्या न वाढलेल्या) भावाचा वाकून नमस्कार. वाकून हा शब्द नुसता रीत म्हणून लिहिलेला नाही. गेल्या रविवारपासून मी खरोखरच वाकलेला आहे. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्म्याची फ्रेम बसवायला वाकावं लागतं, तेवढीच काय ती माझ्या कंबरेची सोय झाली आहे. तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? चिरंजीव आणि सूनबाई मजेत ना? नवव्या मजल्यावरच्या गॅलरीतल्या कुंड्या तग धरून आहेत ना? (जन्मभर जमिनीला पोट लावून पडणारी बाई तू, इतक्या उंचावर जाऊन करतेस तरी काय, हे मला अजून कळलेलं नाही.) माझं तुझ्याकडे काही काम नाही, हे आधीच सांगून टाकतो. सहज आठवण आली म्हणून लिहायला बसलो. फोनच केला असता, पण फोनवर तू पहिल्या मिनिटाला मुद्द्यावर ये म्हणतेस आणि मग माझा मुद्दाच हरवतो.

बातमी एकच आहे आणि ती वाईट आहे. आपलं रान, जिथे आपण एकमेकांना रंगाच्या गोळ्या मारून बाद करायचो, ते जायला निघालंय. म्हातारे मालक गेल्यापासून मैदान त्यांच्या जावयाच्या हातात आहे हे तुला ठाऊकच आहे. त्यानं पुढच्या मोकळ्या जागेत प्लास्टिकची हिरवळ अंथरली, त्यावर हवा भरलेले रंगीबेरंगी अडथळे उभे केले, आणि आता तिथे पोरांची झुंबड असते. मागच्या रानात मात्र काळं कुत्रं फिरकत नाही. म्हणून झाडं काढून तिथेही हिरवळच टाकायची असं त्यानं ठरवलं. पण त्याची बायको अडून बसली. वडिलांनी हातानं लावलेली झाडं आहेत, कुऱ्हाड लावाल तर मी माहेरी जाते, म्हणाली. (माहेर म्हणजे तेच घर, त्यामुळे जायचं कुणी हा प्रश्नच होता.) शेवटी दोघांची तडजोड झाली ती अशी, की येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी रानातच एक सामना व्हायचा. एकीकडे रानात खेळणारे जुने तिघे, दुसरीकडे हिरवळीवरचे नवे तिघे. जुने जिंकले तर रान राहील. हरले तर बाईंनी पुन्हा तोंड उघडायचं नाही. जुने म्हणजे कोण, तर मी, प्लंबर आणि केमिस्ट. आणि नवे कोण माहीत आहे? आमची भिंगरी आणि तिचे दोन मित्र. म्हणजे तुझी भाची आणि तुझा भाऊ समोरासमोर. घरात गेले कित्येक दिवस मीठ मागायचं तरी जपून मागावं लागतंय.

ताई, हे ऐकल्यापासून मला ते रान सारखं डोळ्यांपुढे दिसतं. सकाळी आपण जायचो तेव्हा पाचोळा ओला असायचा आणि तू सगळ्यांना बूट काढायला लावून आधी अनवाणी चालवायचीस, कुठे काटकी वाजते ते पायाला कळावं म्हणून. जोर, वेग, नेम यातलं काहीही नसलं तरी चालेल, म्हणायचीस, पण ज्याला पडून राहता येत नाही त्यानं घरी जाऊन पत्ते खेळावेत. परीक्षेच्या हॉलमध्ये सुपरवायझर म्हणून उभं राहून राहून तुला ती विद्या आली होती. हलायचं नाही आणि सगळं बघायचं. हातावरून मुंग्या चालत जायच्या आणि तू त्यांना जाऊ द्यायचीस. मी मात्र शेजारी पडून खाज आवरत रडकुंडीला यायचो. पोस्टातल्या लोकांचा संघ किती तगडा होता, पण ते दबकत दबकत तुझ्यापासून हातभर अंतरावर यायचे, सुस्कारा टाकायचे, आता इथे कुणी नाही म्हणायचे, आणि मग पाठीवर पट्‌दिशी रंग. त्यांनी चिडून एकदा खोटी शिट्टी वाजवली, आपण सगळे खेळ संपला म्हणून उठून उभे राहिलो आणि मुकाट्यानं बाद झालो, आठवतं? त्या दिवसापासून तू नियमच घातलास, की शिट्टी होवो, घंटा होवो, आभाळ कोसळो, आपल्या माणसानं घरच्या नावानं हाक मारल्याशिवाय उठायचं नाही. तो नियम आमच्या हाडांत इतका मुरला आहे की केमिस्टच्या घरी सकाळी गजर वाजतो आणि तो बायकोनं हाक मारेपर्यंत पडून राहतो. (बायकोचा यावर विश्वास नाही.)

आता नव्या खेळाविषयी. मला तो खेळ मुळीच पसंत नाही, हे तू गृहीत धर. आपल्याकडे एक डाव सकाळभर चालायचा, इथे घोटभर चहा पिऊन होईस्तोवर निकाल लागतो. लपणं नाहीच. अडथळे लाल आणि पिवळे, कपडे त्याहून लाल आणि पिवळे, आणि पाठीवर स्वतःचं नाव, म्हणजे चुकून कुणाला दिसलो नाही असं होऊ नये. आपण बंदूक म्हणायचो, ही पोरं मार्कर म्हणतात, आणि त्यातून गोळ्या इतक्या भराभर सुटतात की आपला महिन्याचा साठा एका झटक्यात संपेल. पण खोटं कशाला बोलू, मेहनत करतात. खेळाआधी रिकाम्या मैदानात प्रत्येक अडथळ्यामागे जाऊन बसतात आणि इथून कोण दिसतं, तिथून आपण कुणाला दिसतो, हे पाठ करतात. डाव सुरू होताच पळायचं, पळता पळताच मारायचं, उजव्या हातानं जमतं तसंच डाव्यानं जमलं पाहिजे. अडथळ्याआडून डोळा बाहेर काढायचा, मारायचं आणि समोरच्याला कळायच्या आत परत आत. आणि सगळा वेळ ओरडायचं! कोण कुठे आहे, कोण गेला, कोण उरला, एक जण बघतो आणि बाकीच्यांना त्याच्या तोंडून दिसतं. भिंगरी याचा सराव घरात करते. स्वयंपाकघराच्या दाराआडून केस वाळवायचं यंत्र रोखून सुळ्ळकन बाहेर येते आणि आत जाते. परवा सौभाग्यवती चहाचा ट्रे घेऊन त्या दारातून येत होत्या. कपबश्या गेल्या, पण भिंगरीचं म्हणणं, आईची बाजू उघडी पडली होती.

तर शत्रूचा अंदाज घ्यावा म्हणून रविवारी मी हिरवळीवर गेलो. पोशाख आपला नेहमीचाच, तो मातकट हिरवा, जागोजागी ठिगळं लावलेला, वर पानांची जाळी. गेटवरच्या माणसानं मला माळी समजून नळ कुठे आहे ते दाखवलं. आत भिंगरीच्या संघाचा सरावाचा डाव सुरू व्हायचा होता आणि त्यांचा तिसरा गडी, एक उंचच उंच मुलगा (त्याला सगळे बांबू म्हणतात), अजून आला नव्हता. भिंगरी म्हणाली, बाबा, तू फक्त जागा भर, त्या मागच्या मोठ्या अडथळ्याआड उभा राहा आणि काही दिसलं तर ओरड. आता तूच सांग, तुझ्या हाताखाली तयार झालेला माणूस ओरडेल का? मी अडथळ्याशी गेलो, पोटावर आडवा झालो, जाळी अंगावर ओढली, श्वास बारीक केला आणि पडून राहिलो. ते प्लास्टिकचं गवत असं टोचतं म्हणून सांगू! पण मी हललो नाही. पलीकडे आरडाओरडा झाला, फटाफट आवाज आले, मग भोंगा वाजला. मी मनात हसलो. म्हटलं, असले भोंगे आम्ही खूप ऐकलेत. कुणी हाक मारली का? नाही. मग मी कशाला उठू?

पुढे कळलं ते असं, की डाव केव्हाच संपला होता. मी दिसलो नाही तेव्हा बाबा रुसून घरी गेले असा सगळ्यांनी समज करून घेतला. (मी रुसतो हे खरं आहे, पण सांगून रुसतो.) तेवढ्यात बांबू आला आणि दुसऱ्या एका संघाबरोबर पुढचा डाव लागला. मला यातलं काहीच माहीत नाही, मी आपला मुंग्यांची वाट बघत पडलेलो. आणि बांबू पहिल्याच धावेत तीरासारखा त्याच अडथळ्याकडे आला, मला अडखळला आणि लांबलचक आडवा झाला. मला वाटलं, हल्ला झाला. मी त्याच्या बसायच्या जागेवर जवळूनच रंग लावला. तो ओरडला म्हणून रेफ्री धावत आला, त्यालाही लावला. मग लोक जमले, कुणी तरी मदतीला औषधांची पेटी घेऊन वाकलं, त्या पेटीलाही लावला. तरी मी उठलो नाही, ताई. शेवटी भिंगरी आली, तोंडावरचा मास्क वर केला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, ढब्या, ऊठ. तिनं लहानपणी तुझ्या तोंडून ऐकलेलं माझं घरचं नाव होतं ते. मी उठलो, आणि कंबर तिथेच राहिली.

बांबूच्या घोट्याला प्लास्टर घातलं आहे. मी त्याच्या आईला भेटून आलो, बाई फार चांगल्या, चहा दिला, फक्त मी निघताना त्यांनी बूट स्वतः हातात आणून दिले.  त्या रविवारी मैदानावरून घरी परत येताना भिंगरी गाडीत सिग्नलला म्हणाली, बाबा, तू खरंच एवढा वेळ हलला नाहीस? आत्यानं शिकवलं का हे? मी हो म्हटलं. तिनं मग तुझ्याबद्दल इतकं विचारलं, इतकं विचारलं, की आम्ही घरासमोर गाडी लावून तशीच बसून राहिलो. गेल्या काही वर्षांत या मुलीनं मला चावी कुठे आहे आणि वायफाय का चालत नाही याखेरीज काही विचारलेलं नव्हतं. ताई, मला रानाची आठवण येते ती झाडांसाठी नाही गं. तू नाहीस तिथे, ते मला सोसत नाही. तू चिरंजीवांकडे राहायला गेल्यापासून आम्ही तिघे तिथे जातो, झाडाखाली डबा खातो, प्लंबर एखादा जुना किस्सा सांगतो आणि आम्ही तासाभरात परत येतो. खेळतच नाही खरं तर. हे तुला कुणी सांगितलं नसेल.

असो. पत्र लांबलं. चिरंजीवांना आणि सूनबाईंना आशीर्वाद, तुझ्या कुंड्यांना पाणी, आणि तुला पुन्हा एकदा (जमेल तेवढं वाकून) नमस्कार.

तुझा,
ढब्या

ता. क. : वर नव्या खेळाबद्दल जे वाईटसाईट लिहिलं आहे ते भिंगरीला दाखवू नकोस. तिनं मला त्यांचा अंगरखा दिला आहे. पिवळा आहे, पाठीवर माझं नाव आहे. आरशात बरा दिसतो.

पुन्हा ता. क. : अंगरखा कशासाठी, असं तू विचारशीलच. बांबू माझ्यामुळे मोडला, तेव्हा त्याची जागा मीच भरायची असं भिंगरीनं ठरवलं. मला नाही म्हणता आलं नाही. म्हणजे मी म्हणणार होतो, पण ती म्हणाली, बाबा, मला तूच हवा आहेस. आता यावर कुठला बाप काय बोलेल? तर त्या रविवारी मी तिच्या बाजूनं खेळणार आहे, आणि रानाच्या बाजूला फक्त प्लंबर आणि केमिस्ट उरले आहेत. दोघेही माझ्याशी बोलत नाहीत. तिसऱ्या जागी तू ये. तुझे जुने कपडे सौभाग्यवतींनी धुऊन, इस्त्री करून ठेवले आहेत. (इस्त्री नको म्हटलं होतं, ऐकल्या नाहीत.)

शेवटचं : मुद्द्यावर येतो. त्या रानात मी एकदा पडलो की प्लंबरला सापडत नाही, आणि केमिस्टला तर समोरचं झाडही दिसत नाही, त्याचा नंबर मीच काढला आहे. मुद्दाम हरणं मला जमणार नाही, पोरीनं भरवसा टाकला आहे. आणि मी जिंकलो तर रान जाईल. तेव्हा मला खरोखरीचं हरवणारं माणूस पाहिजे, आणि तसं आपल्या घरात एकच आहे. गाडीची वेळ कळव, भिंगरी आणि मी, दोघं घ्यायला येतो.